एलिमिनेशन डाएट कोकणातल्या ताटावर : ऑटोइम्यून त्रासात कोणतं अन्न बाधतं ते कसं शोधायचं

ऑटोइम्यून आजारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तेव्हा, एलिमिनेशन डाएट ही एक तपासणी आहे आणि तिला ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट असतो. काही पदार्थ तीन ते सहा आठवडे पूर्ण बंद ठेवायचे, त्रासाची रोज नोंद करायची, मग एकेक पदार्थ मापून परत आणायचा आणि अंग काय म्हणतं ते बघायचं. बहुतेक जण पहिला भाग नेटाने करतात आणि दुसरा सोडून देतात. सांधे जरा हलके वाटले की "मला गहू बाधतो" असं ठरवून मोकळे होतात, आणि पुढे वर्षानुवर्षं गहू, दूध, अंडं, वांगं, टोमॅटो सगळंच बंद. त्यातलं नेमकं काय बाधत होतं, की काहीच बाधत नव्हतं आणि पावसाळा सरल्यामुळे बरं वाटलं, हे कधीच कळत नाही. म्हणून इथे बंद करण्यापेक्षा परत आणण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

अपेक्षा किती ठेवायची

ऑटोइम्यून आजारांपैकी अन्नातला घटक थेट कारणीभूत असल्याचं पक्कं ठाऊक आहे ते गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते त्या सीलिअ‍ॅकमध्ये. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाशी असलेला त्याचा संबंध मांडला. तिथे गहू, जव आणि राय हे परदेशी धान्य जन्मभर बंद. परत आणून बघण्याचा प्रश्नच नाही. आमवात (सांधे सुजवणारा), सोरायसिस (कातडीवर चट्टे), हाशिमोटो थायरॉइड (थायरॉइड ग्रंथीवर हल्ला), ल्युपस (सांधे, कातडी, मूत्रपिंड असं बरंच काही पकडणारा), अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्यात जखमा) यांत चित्र इतकं स्वच्छ नाही. नॉर्वेत आमवाताच्या ५३ रुग्णांवर झालेला प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. उपास, मग ग्लुटेनविरहित शाकाहार आणि पुढे दुधासह शाकाहार, असा वर्षभर आहार घेणाऱ्या गटाला सरासरी फायदा झाला, पण तो सगळ्यांत सारखा नव्हता. हाशिमोटोच्या १७ स्त्रियांवरचा एक छोटा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात थकवा आणि रोजचं जगणं सुधारलं, पण थायरॉइडच्या तपासण्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही; शिवाय तुलनेला दुसरा गटच नव्हता.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की आहाराने आजार जाईल असं धरून चालू नका. काहींची दुखणी, पोटाच्या तक्रारी, थकवा कमी होतो. काहींच्या बाबतीत आजाराच्या जोडीला दूध न पचण्यासारखा वेगळाच त्रास असतो आणि तो या निमित्ताने सापडतो. ज्यांना काहीच फरक पडत नाही, त्यांनाही उत्तर मिळालेलंच असतं : खाण्यावर बंधन घालायची गरज नाही.

काहीही बंद करण्याआधी

सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी, म्हणजे टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए (दोन्ही रक्तातल्या अँटिबॉडींच्या, म्हणजे शरीराने बनवलेल्या प्रतिकारक प्रथिनांच्या तपासण्या), गहू खात असतानाच करून घ्या. गहू सोडल्यावर काही आठवड्यांत अँटिबॉडी उतरू लागतात आणि खरा सीलिअ‍ॅक असूनही रिपोर्ट "निगेटिव्ह" येऊ शकतो. आधीच गहू सोडला असेल तर डॉक्टरांना विचारून रोज दोनेक चपात्या सहा ते आठ आठवडे खाऊन मगच रक्त द्यावं लागतं. हे उलटं काम कुणालाच आवडत नाही, म्हणून क्रम पाळा. त्याच वेळी सीआरपी आणि ईएसआर (अंगातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या), हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, आणि थायरॉइड असेल तर टीएसएच करून ठेवा. पुढच्या तुलनेला हेच आकडे लागतील.

शेकडो पदार्थांची "फूड इन्टॉलरन्स" तपासणी म्हणून आयजीजी या अँटिबॉडीचं पॅकेज विकलं जातं. त्यावर पैसे घालवू नका. जे आपण रोज खातो त्याच्या विरुद्ध आयजीजी सापडणं स्वाभाविक आहे. ते पोटात गेल्याचा पुरावा आहे, बाधल्याचा नाही.

औषधं होती तशीच चालू राहतील. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, स्टेरॉइड यांपैकी काहीही "आता बरं वाटतंय" म्हणून स्वतःहून कमी करू नका. स्टेरॉइड एकदम थांबवणं तर जिवावर बेतू शकतं. प्रयोगापुरताही हाच नियम हवा : औषध आणि आहार एकदम बदलले तर श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही. शेवटचा डोसबदल होऊन औषधाचा परिणाम स्थिरावलेला असावा. मेथोट्रेक्सेटला त्यासाठी दोन-तीन महिनेही लागतात. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, चहा-न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी. दूध बंद केल्यामुळे कॅल्शियमची गोळी सुरू झाली, तर ती थायरॉक्सिनपासून चार तास लांब. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर अळू, माठ, मुळ्याचा पाला यांचं प्रमाण एकाएकी वाढवू नका. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम उतरतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, आधीच वजन कमी असलेले, खाण्याशी झगडा असलेले, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेले यांनी हे घरच्या घरी करू नये. ल्युपसमध्ये मूत्रपिंड पकडलं गेलं असेल तर शहाळ्याबद्दल खास सांगायला हवं. एका शहाळ्यात केळ्याइतकं किंवा त्याहून जास्त पोटॅशियम असतं, आणि "पथ्याचं" म्हणून घरोघरी दिवसाला दोन-दोन शहाळी पाजली जातात.

आणि एक वेगळाच गट : एखादा पदार्थ खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. ही अ‍ॅलर्जी आहे. तो पदार्थ घरी परत आणून बघायचा नाही, कधीच.

केव्हा सुरू करायचं

सगळं मिळून साधारण तीन ते चार महिने लागतात : दोन आठवडे नुसती नोंद, तीन ते सहा आठवडे बंद, आठ-नऊ आठवडे परत आणणं. कोकणात दिवाळीचा फराळ संपला की सुरू करावं आणि शिमग्याच्या आत आटपावं. या काळात ताजी मासळी मिळते, हवा कोरडी असते, परसात मुळा, माठ, वाल, दुधी असतात. जूनमध्ये सुरू करणं दोन कारणांनी फसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ताटातलं मुख्य प्रथिनच जातं आणि माणूस सुक्या मासळीवर येतो. शिवाय पावसाळी दमट हवेत अनेकांचे सांधे एरवीही आखडतात, मग अन्नाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. मे महिन्यात मुंबईकर येतात, लग्नं असतात, आमरसाबरोबर पुऱ्या होतात, तेव्हाही नको. मार्गशीर्षातले गुरुवार किंवा एकादशी धरत असाल तर आधीच ठरवा : उपासाचे बटाटे, शेंगदाणे आणि दही हे तिन्ही बंद यादीत आहेत. रताळी, वरीचा भात, ओलं खोबरं, केळी यांवर उपास निभावतो.

पहिले दोन आठवडे : नुसतं लिहा

काहीही न बदलता चौदा दिवस नोंद ठेवा. ही पायरी गाळली की पुढचं सगळं अंदाजावर चालतं. मोठं अ‍ॅप नको, भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत मावेल इतकंच लिहायचं. सकाळी उठल्यावर बोटं किंवा गुडघे मोकळे व्हायला किती मिनिटं लागली, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, शौचाला किती वेळा, वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या, झोप कशी. पाळी आणि पाऊस यांना एकेक खूण. जेवणाचं मात्र वेगळ्या वहीत, घटकांसह : नुसतं "आमटी" न लिहिता "तूरडाळ, टोमॅटो, हिंग". सोरायसिस असेल तर दर रविवारी एकाच खिडकीशी, एकाच वेळी त्याच चट्ट्याचा फोटो.

वेदनाशामकांचा रकाना बहुतेक जण विसरतात. दुखणं सातावरून पाचावर आलं आणि गोळ्या मात्र दिवसाला एकाच्या दोन झाल्या, तर ती सुधारणा गोळीची आहे.

काय बंद करायचं, काय ठेवायचं

परदेशात "ऑटोइम्यून प्रोटोकॉल" नावाचा कडक आहार चालतो. त्यात सगळी धान्यं, सगळ्या डाळी, दूध, अंडी, सुकामेवा, बिया, धणे-जिऱ्यासारखे बियांचे मसाले आणि वांगी-टोमॅटो-बटाटा-मिरची एकदम जातात. भात आणि कुळीथ काढलेलं कोकणी ताट म्हणजे मासा आणि खोबरं. महिन्याभरात वजन उतरतं, बद्धकोष्ठ होतं, आणि घरात वेगळी चूल मांडावी लागते. पहिल्या फेरीला हे करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. भात, नाचणी, कुळीथ, मूग ठेवा आणि पुढचे गट काढा.

गहू आणि त्याची भावंडं : मैदा, रवा, शेवया, पाव, बिस्कीट, जव. दूध, दही, ताक, पनीर, तूप, चहातलं दूध. अंडी. शेंगदाणे, काजू, सोया. कवचाचं सगळं : कोळंबी, तिसऱ्या, कालवं, खेकडे, आणि सुक्यात सोडे, जवळा. सहावा गट वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची यांचा. या शेवटच्या गटाबद्दल पुरावा तोकडा आहे, पण सांधेदुखीचे बरेच रुग्ण त्याकडे बोट दाखवतात म्हणून तपासायला हरकत नाही. मिरची काढणं जमणारच नसेल तर हा गट या फेरीत घेऊच नका. अर्धवट काढलेला गट काहीच सांगत नाही. दारू सगळा वेळ बंद.

शाकाहारी घरांनी सगळं एकदम काढू नये. मासा नाही, अंडं नाही आणि दूधही गेलं तर बी-१२ आणि प्रथिनं दोन्ही अडचणीत येतात. पहिल्या फेरीत गहू, शेंगदाणे-काजू आणि वांगी-मिरचीचा गट. दुधाची फेरी वेगळी, नंतर.

ताटात काय येईल

५५ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ४५ ते ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. दीडशे ग्रॅम साफ केलेला मासा त्यातले सत्तावीस ते तीस ग्रॅम देतो, अडीचशे ग्रॅम तांदूळ सोळा-सतरा, आणि तीस ग्रॅम कुळथाचं पीठ सहा-सात. हिशेब जमतो, पण मासा रोज पडला तरच. ज्या दिवशी मासा नाही त्या दिवशी कोंबडी, नाहीतर कुळथाची उसळ वाटीभर जास्त.

कॅल्शियम जास्त जड जातं. प्रौढाला दिवसाला हजार मिलिग्रॅम हवं, आणि दूध गेल्यावर ते आपोआप भरत नाही. स्टेरॉइड घेणाऱ्यांची हाडं तर आधीच नाजूक. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणून न्याहारीला नाचणीची भाकरी किंवा आंबील पक्की ठेवा. मोतकांसारखी बारीक मासळी काट्यासकट खा. तरी उरलेली तूट गोळीने भरायची का, ते डॉक्टरांना विचारा.

न्याहारीला घावणे चालतात : एक वाटी तांदळाचं पीठ, दोन वाट्या पाणी, मीठ, बिडाच्या तव्यावर खोबरेल. आंबोळी तांदूळ-उडदाची असते, तीही चालते. पण ती बाहेरून आणली असेल तर पिठात आणखी काय घातलंय ते विचारा. बरोबर ओलं खोबरं, आलं आणि कोकमाची चटणी. दुधाच्या चहाऐवजी आलं घालून गवती चहा. दिवसाला चार-पाच कप चहा पिणाऱ्यांनी तो आधीच्या आठवडाभरात हळूहळू उतरवावा, नाहीतर पहिले दोन-चार दिवस डोकं धरतं आणि त्याचा दोष आहारावर येतो.

मिरची-टोमॅटोशिवाय माशाचं कालवण होत नाही हा समज आहे. चार माणसांना अर्धा किलो बांगडा घ्या. वाटीभर खवलेलं ओलं खोबरं, एक चमचा धणे, आठ-दहा मिरी दाणे, इंचभर आलं आणि अर्धा चमचा हळद असं गंधासारखं वाटा. सहा-सात तिरफळं बिया काढून, किंचित ठेचून घाला. वाटण पाण्यात उकळलं की मासे सोडा, सात-आठ मिनिटं मंद आच, शेवटी चार-पाच आमसुलं आणि मीठ. मिरी आणि मिरची यांचा वनस्पती म्हणून काहीच संबंध नाही, त्यामुळे मिरी बिनधास्त चालते. तिरफळाचंही तेच. कुळथाच्या पिठीलाही मिरचीऐवजी मिरपूड आणि लसणीची फोडणी पुरते. सोलकढीत मिरची घालू नका, बाकी ती आहे तशी.

बटाट्याच्या जागी सुरण, करांदे, कणगरं, रताळी. वांग्याच्या जागी पडवळ, शिराळी, दुधी, केळफूल. अंगदुखी फार वाढलेल्या दिवशी उकड्या तांदळाची पेज, एका वाटीला आठ-दहा वाट्या पाणी, आणि बरोबर मासा किंवा मूग. नुसत्या पेजेवर दिवस काढू नका.

चोरवाटा

प्रयोग फसतो तो बहुधा इथे. डबीतला बांधणी हिंग बघा : घटकांत गव्हाचं पीठ किंवा मैदा दिसेल. फोडणीतून तो दिवसाला चार वेळा पोटात जातो. हिंग बंद ठेवून लसूण वापरा. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. कोंबडी-वड्यांच्या पिठात तांदूळ-उडदाबरोबर बऱ्याच घरी मूठभर गहू घालतात. मालवणी मसाला म्हणजे मुख्यतः मिरचीच, तेव्हा वांगी-मिरचीचा गट काढला असेल तर मसाल्याची बरणी माळ्यावर. विकतच्या कोंबडी-मसाल्यात, सॉसमध्ये, फरसाणात काय आहे ते वाचूनच घ्या.

गिरणी हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. जात्यात गहू दळून लगेच तुमची नाचणी टाकली तर सुरुवातीच्या पिठात गहू उतरतोच. गिरणीवाल्याला सांगून कुणाच्या तरी तांदळाच्या मागे नंबर लावा आणि पहिलं शेर-अर्धा शेर पीठ वेगळ्या पिशवीत घ्या. ते घरातल्या इतरांना. सीलिअ‍ॅक असेल तर ही गिरणीच नको, घरी वेगळ्या चक्कीवर दळा.

मिठाचंही एक सांगायला हवं. घरात मिठागराचं खडं मीठ वापरत असाल आणि प्रयोगाच्या निमित्ताने पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठ आणलंत, किंवा उलट केलंत, तर थायरॉइडच्या रुग्णात तो एक नवाच बदल झाला. जे होतं तेच ठेवा.

मासळीचा खोटा इशारा

बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हा प्रथिनाचा घटक भरपूर असतो. मासा बर्फाविना उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन (अ‍ॅलर्जीसारखी लक्षणं आणणारं द्रव्य) करतात, आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंग खाजतं, कधी जुलाब होतात. लोक वहीत लिहितात "बांगडा बाधला". बाधलेला असतो तो हातगाडीवरचा दुपारचा बांगडा. प्रयोगाच्या काळात मासा सकाळी, बर्फातला घ्या. कल्ले लालभडक, डोळा फुगीर, बोटाने दाबलेली खळी लगेच भरून येणारी. घरी आणून लगेच साफ करून फ्रीजमध्ये ठेवा, उरलेलं कालवण रात्रभर ओट्यावर ठेवू नका. सुका बांगडा, सुकट हे या काळात टाळलेलं बरं. त्यात मीठही खूप, आणि स्टेरॉइडवर असलेल्यांचा रक्तदाब त्याने चढतो.

बंदचा काळ किती

पोटाच्या तक्रारींना तीन-चार आठवडे पुरतात. सांधे आणि कातडीला सहा द्या. सहाच्या पुढे नको. मध्येच एक दिवस लग्नात वडा-पुरी झाली तर सगळं वाया गेलं असं नाही. तारीख लिहा आणि बंदचा काळ आठवडाभर वाढवा.

शेवटच्या आठवड्याची सरासरी पहिल्या चौदा दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहा. दुखणं किंवा सकाळचं आखडणं तिसऱ्या हिश्श्याने तरी कमी झालं नसेल, तर या गटांचा तुमच्या त्रासाशी संबंध नाही असं समजून सगळं खायला लागा. इथे मोह होतो तो आणखी चार पदार्थ काढून बघण्याचा. तो आवरा. याच वाटेने माणसं भात-मिठावर येऊन पोहोचतात.

वजन दर आठवड्याला बघा. दोन-तीन किलो उतरलं तर खोबरं, खोबरेल, भात वाढवा. तरी उतरत राहिलं तर थांबा. ताप, शौचातून रक्त, नवीन सांधा सुजणं, डोळा लाल होऊन दुखणं, पायांवर सूज, छातीत दुखणं यांपैकी काही झालं तर प्रयोग बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.

परत आणणं

एका वेळी एकच पदार्थ, आणि तो शक्य तितका निखळ. गहू तपासायचा तर घरची साधी चपाती. पावात यीस्ट, कधी दूध, सोयाही असतं, मग दोष कुणाचा? पाच दिवसांचं चक्र धरा. पहिल्या दिवशी सकाळी चमचाभर किंवा एक घास, दुपारी अर्धं माप, रात्री पूर्ण माप. दुसऱ्या दिवशी पूर्ण माप दोनदा. मग तीन दिवस तो पदार्थ पुन्हा बंद आणि फक्त नोंद. पोट काही तासांत बोलतं, पण सांध्यांना आणि कातडीला दोन-तीन दिवस लागू शकतात. म्हणून ते तीन रिकामे दिवस.

पूर्ण माप म्हणजे गव्हाच्या दोन चपात्या, दूध असेल तर एक पेला, अंडं एक, शेंगदाणे मूठभर, कोळंबी सहा-सात, बटाटा मध्यम एक, टोमॅटो एक. दुधाचा क्रम असा लावा : आधी साजूक तूप, मग दही, शेवटी दूध. तुपात दुधाचं प्रथिन आणि साखर नावाला उरते, दह्यात साखर कमी असते. दही चाललं आणि दुधाने पोट फुगलं, तर अडचण दुधातल्या साखरेची आहे, ऑटोइम्यून आजाराशी तिचा थेट संबंध नाही. अंड्याचा आधी पूर्ण शिजलेला पिवळा बलक, पुढच्या चक्रात पांढरं. वांगी-मिरचीच्या गटातले चारही वेगवेगळे तपासा, मिरची सगळ्यांत शेवटी. ती तशीही पोटाला झोंबते आणि बाकीचे निकाल गढूळ करते. ज्या पदार्थाची आठवण सर्वांत जास्त येते तो आधी घेतला तरी चालेल. माणूस टिकतो तर प्रयोग टिकतो.

"बाधलं" कशाला म्हणायचं ते चक्र सुरू होण्याआधी लिहून ठेवा. सकाळचं आखडणं बंदच्या काळातल्या सरासरीपेक्षा अर्ध्या तासाने वाढलं, किंवा दुखणं सलग दोन दिवस दोन अंकांनी चढलं, तर बाधलं. एका दिवसाचा चढउतार धरू नका. बाधलं तर पदार्थ लगेच थांबवा आणि त्रास मूळ पातळीला येईपर्यंत पुढचं चक्र सुरू करू नका. चाललेले पदार्थही सगळी चक्रं होईपर्यंत बाजूलाच ठेवा, नाहीतर ते पुढच्या निकालात मिसळतात.

बाधलेला पदार्थ पुन्हा तपासायचाच

भीतीनेही दुखतं. ज्याने महिनाभर गव्हाला शत्रू मानलं त्याचा हात पहिल्या चपातीला आखडतो, आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फेरी, आणि या वेळी आंधळी. घरातल्या कुणालातरी दोन प्रकारचे घावणे करायला सांगा. दोन्हीत अर्धं तांदळाचं आणि अर्धं नाचणीचं पीठ. एकात त्यातलं निम्मं पीठ काढून तितकंच गव्हाचं. नाचणीच्या काळपट रंगात गहू दिसत नाही. नुसत्या तांदळाच्या घावण्यात तो रंगाने आणि लवचिकपणाने लगेच ओळखू येतो. एक प्रकार दोन दिवस, मग चार दिवस मोकळे, मग दुसरा प्रकार दोन दिवस. कुठला कधी दिला ते करणाऱ्याने कागदावर लिहून डब्यात ठेवायचं आणि तुमची नोंद पूर्ण होईपर्यंत उघडायचं नाही. दूध तपासायचं तर नाचणीच्या आंबिलीत नारळाच्या रसाबरोबर अर्धा पेला दूध जातं, गूळ-वेलचीत चव झाकते.

दोन्ही वेळा बाधलं तरच तो पदार्थ सोडा. एकदाच बाधला असेल तर आठवड्यातून एक-दोनदा खाऊन लक्ष ठेवा.

संधिवाताचे डॉक्टर गाठायला इथल्या अनेकांना कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा गोव्यात बांबोळीला जावं लागतं आणि भेट दहा मिनिटांची असते. वहीतलं सगळं दाखवत बसू नका. एका पानावर तीन सरासऱ्या लिहा (आधीची, बंदच्या शेवटच्या आठवड्याची, आत्ताची), खाली बाधलेले पदार्थ, चालू औषधांचे डोस आणि आधीचे-नंतरचे सीआरपी, ईएसआर. औषध कमी करायचं की नाही ते या पानावरून डॉक्टर ठरवतील.

सोडलेला पदार्थ सहा महिन्यांनी पुन्हा एकदा पाच दिवसांच्या चक्रातून न्या; आजार औषधाने आटोक्यात आला की कित्येकदा तो चालतो. फक्त ती फेरीही पावसाळ्यात धरू नका.